पहिलं बाक



शाळेच्या बँडमध्ये मी किती बेसूर बिगुल वाजवायचो, हे तुम्ही विसरला नसाल! आज मात्र एका खऱ्या वादकाविषयी बोलतो.

जॅकी मॅक्लीन यांचा जन्म १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. सॅक्सोफोन त्यांनी लहानपणीच हातात घेतला. पियानोवादक बड पॉवेल यांच्याकडून जॅझ शिकले आणि विशीतच, १९५१ साली, माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. पुढे व्यसनात अडकले. क्लबमध्ये वाजवण्याचा परवानाही गेला. पण त्यातून उठले आणि हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९७० साली पत्नी डॉली यांच्यासह शहरातल्या मुलांसाठी ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही संस्था काढली. २००६ साली ते गेले. विद्यापीठातली जॅझ शिक्षणाची संस्था आज त्यांच्याच नावाची आहे.

हे का सांगतोय? नववीत मी नापास झालो. दुसऱ्या दिवशी बाईंनी काही न बोलता मला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर बसवलं. आज मीही शिकवतो. कोणी मूल मागे पडलं, की मला ते बाक आठवतं.

बाई, तेव्हा राहून गेलेला नमस्कार आज करतो.