वणव्यानंतरचा रस्ता



फाल्गुन सरत आला की आपल्या डोंगरांवर रात्री लाल माळा दिसू लागतात. ओटीवर बसलेली मुलं त्या मोजतात आणि मोठी माणसं म्हणतात, "वणवा लागलाय." सकाळी पाहावं, तर सगळा उतार काळा. गवत गेलं, झाडं होरपळली, पाखरांची घरटी गेली, याची आपण हळहळ करतो. ती करायलाच हवी. पण वणव्याचं आणखी एक नुकसान असतं. ते त्या सकाळी दिसत नाही. ते मृगाच्या पहिल्या पावसात दिसतं. ते नुकसान म्हणजे रानातला रस्ता. आज त्याच्याविषयीच बोलायचं योजलं आहे.

मी भूगोल शिकवतो. तेव्हा ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक असायला हवी होती. पण ती मला एका वाडीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवली, आणि तीही माझी चूक झाल्यावर. ती हकिकत अशी.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांचं श्रमसंस्कार शिबिर घेऊन मी सह्याद्रीतल्या एका वाडीवर गेलो होतो. दिवस डिसेंबरचे. वाडीला जाणारा कच्चा रस्ता रानातून, डोंगराच्या कडेकडेने जातो. त्याच्या वरचा उतार त्या वर्षीच्या मार्चमध्ये जळला होता आणि जूनमध्ये एका वळणावर रस्त्याचा भराव खाली दरीत गेला होता. चार महिने जीप वाडीपर्यंत आली नाही. रेशनचं धान्य डोक्यावरून आणावं लागलं. एका बाळंतिणीला झोळीतून खाली न्यावं लागलं. ती आणि तिचं मूल सुखरूप राहिलं, पण दर खेपेला नशीब असं साथ देईलच असं नाही.

आमची मुलं उत्साही होती. सात दिवस खपून आम्ही ते भगदाड दगडमातीने भरून काढलं. शेवटच्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. आणि पुढच्या जूनमध्ये निरोप आला की आमचा भराव गेला!

मी जुलैत पुन्हा वाडीवर गेलो. पाऊस पडतच होता. ते म्हातारे गृहस्थ इरलं घेऊन माझ्याबरोबर निघाले. भगदाडापाशी मी थांबलो, पण ते थांबले नाहीत.

"हितं काय बघताय, सर? ह्ये मरायचं ठिकान. दुखनं वर हाय."

सत्तर-ऐंशी पावलं वर गेल्यावर त्यांनी काठीने एक मोरी दाखवली. म्हणजे तिथे मोरी असावी असा अंदाज करायचा, कारण तिचं तोंड राखेचा गाळ, अर्धवट जळलेल्या फांद्या आणि मुरूम यांनी गच्च भरलं होतं. ओहोळाचं पाणी मोरीत शिरत नव्हतं. ते रस्त्यावर चढत होतं, गाडीच्या चाकोरीतून सरळ खाली धावत होतं आणि वळणावर, आम्ही जिथे सात दिवस राबलो होतो तिथे, दरीत उडी घेत होतं.

"आग लागली तवा रस्ता जागेवरच व्हता, सर. पान्यानं वाट चुकवली म्हनून गेला."

श्रोतेहो, वणव्यानंतरच्या रस्त्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. रस्ता जिथे तुटतो तिथे फक्त परिणाम दिसतो. दुरुस्ती करायची ती पाणी जिथे रस्त्यावर चढतं तिथे.

आता असं का होतं, ते पाहू. हिरव्या रानात पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग गवतावर, मग पालापाचोळ्यावर. जमिनीला लागेपर्यंत त्याचा जोर मोडलेला असतो. पाचोळा पाणी धरून ठेवतो आणि सावकाश जमिनीत सोडतो. वणव्यानंतर हे पांघरूण उरत नाही. थेंब उघड्या मातीवर हातोडीसारखा बसतो. बारीक राख मातीची छिद्रं बुजवते. ज्या रानात झुडपं आणि पाचोळा दाट असतो आणि आग बराच वेळ एका जागी धुमसते, तिथे आणखी एक प्रकार घडतो. जळणाऱ्या पालापाचोळ्यातून मेणचट वाफ निघते, ती जमिनीत शिरून थंड होते आणि मातीच्या कणांवर तिचा पातळ थर बसतो. मग वरून दोन-चार बोटं खाली माती मेणकापडासारखी होते. वर पाणी, खाली कोरडी माती!

आपल्याकडचे वणवे बहुतेक गवताचे. आग झपाट्याने पुढे जाते आणि गवताची मुळं जमिनीत जिवंत राहतात. त्यामुळे तो मेणचट थर आपल्या गवताळ उतारावर फारसा बसत नाही. पण आपली अडचण वेगळी आहे. वणवा फेब्रुवारी ते मे या महिन्यांतला आणि पाऊस जूनचा. नवं गवत उगवतं तेच मुळी पावसानंतर. म्हणजे पहिल्या सरी पडतात त्या उघड्या जमिनीवर.

उघड्या उतारावरून पाणी जास्त येतं आणि वेगाने येतं. जलशास्त्रातला एक जुना ठोकताळा आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो ढकलू शकेल अशा धोंड्याचं वजन सुमारे चौसष्ट पट होतं. गेल्या वर्षी ज्या ओहोळात मुलं पाय बुडवत होती, तोच ओहोळ यंदा धोंडे का आणतो, याचं उत्तर यात आहे.

ही गोष्ट केवळ आपल्या कच्च्या रस्त्यांची आहे, असं मात्र समजू नका. साधनसामग्रीची जिथे काही वाण नाही, अशा देशातलं उदाहरण पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डोंगर आणि समुद्र यांच्या मधून 'हायवे वन' नावाचा प्रसिद्ध रस्ता जातो. त्याच्या वरच्या रानात ऑगस्ट २०२० मध्ये मोठी आग लागली. तिला डोलन आग म्हणतात. सुमारे सव्वा लाख एकर क्षेत्र तिच्या तडाख्यात सापडलं. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. २०२१ च्या जानेवारीअखेर तो आला. रॅट क्रीक नावाच्या घळीतून चिखल, धोंडे आणि जळकी झाडं खाली आली. रस्त्याखालची मोरी तुंबली, पाणी रस्त्यावरून वाहू लागलं आणि २८ जानेवारीला सुमारे १५० फूट लांबीचा रस्ता भरावासकट समुद्रात गेला.

तिथल्या अभियंत्यांनी घळ पुन्हा भरून काढली. पण आधी होतं तसंच बांधून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी दहा फूट व्यासाचा मोठा नळ टाकला आणि तो तुंबलाच तर पाण्याला दुसरी वाट असावी म्हणून सहा फूट व्यासाचा आणखी एक नळ ठेवला. २३ एप्रिल २०२१ ला रस्ता खुला झाला. शिक्षक मित्रांनो, वर्गात हे गणित जरूर घाला. नळाचा व्यास दुप्पट केला तर तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. नळ थोडा मोठा घेतला तरी फरक किती पडतो, ते मुलांना चटकन कळेल.

त्याच राज्यात मॉन्टेसिटो गावावर ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे असाच चिखलधोंड्यांचा लोंढा आला. वरचे डोंगर जेमतेम महिन्याभरापूर्वी जळले होते. तेवीस माणसं गेली. अशा संकटांसाठी अमेरिकेच्या वनखात्याने एक रीत ठरवलेली आहे. आग आटोक्यात आली की मातीचे जाणकार, पाण्याचे जाणकार आणि अभियंते यांचं पथक जळलेल्या रानात जातं, साधारण आठवड्याच्या आत पाहणी उरकतं आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी रस्त्यांची तातडीची कामं करून घेतं. डांबर, रंगरंगोटी हे पुढचं. आधी पाण्याची सोय.

आता आपण आपल्या रस्त्यावर येऊ. वणवा विझला, पावसाला दोन-तीन महिने आहेत. काय करावं?

पहिलं काम, रस्ता पायी चाला. गाडीतून मोरी दिसत नाही. वरच्या टोकापासून खालपर्यंत जा आणि प्रत्येक मोरी, प्रत्येक ओहोळ, प्रत्येक वळण वहीत लिहा. वर जळून पोकळ झालेलं झाड आहे का, सुटा धोंडा आहे का, तेही पाहा. अशा झाडाखाली काम करू नका; ते आधी वनखात्याकडून काढून घ्या.

दुसरं काम, मोऱ्या आणि बाजूची गटारं साफ करा. निघालेला गाळ मोरीच्या तोंडाशी ढीग करून ठेवू नका, नाहीतर पहिल्याच सरीला तो परत आत जाईल. ओहोळात, मोरीच्या थोडं वर, अनघड दगडांचे बुटके बांध घाला, म्हणजे गाळ तिथे अडेल. आणि साफसफाई एकदा करून भागत नाही. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहायला हवं.

तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं. मोरी तुंबली तर पाण्याने जायचं कुठे, हे आधीच ठरवून ठेवा. मोरीच्या थोडं खालच्या अंगाला रस्त्यावरच एक रुंद, उथळ, तिरकी पन्हळ काढा. जीप तिच्यावरून सहज जाईल, पण चढलेलं पाणी चाकोरी धरून पळणार नाही; तिथल्या तिथे रस्ता ओलांडून आपल्या ओहोळात परत जाईल. पाणी जिथे खाली उतरेल तिथे दगडी पिचिंग करा. दगड नसतील तर ते पाणी सोडूच नका, कारण ते भराव पोखरेल.

चौथं, लांब उतारावर अशाच पन्हळी थोड्या थोड्या अंतरावर काढा. उतार जितका खडा, तितक्या त्या जवळ. थोडं पाणी अनेक ठिकाणी सोडलं तर ते निमूट जातं, सगळं एका ठिकाणी गोळा झालं की शिरजोर होतं. रस्त्याच्या दरीकडच्या कडेला मातीची वरंब साठली असेल तर ती काढून टाका. ती पाण्याला रस्त्यावर कोंडून धरते.

पाचवं काम वरच्या उताराचं. जळालेल्या झाडांची खोडं आडवी, समपातळीत टाकून खुंटे ठोकले आणि मागे माती दाबली, तर पाण्याचा जोर मोडतो. खोड आणि जमीन यांच्यात फट राहिली तर मात्र उलटा परिणाम होतो. उघड्या मातीवर गुरं खात नाहीत असा कुजका पेंढा, छाटलेल्या फांद्या अंथरा. भरावाच्या कडेला पावसाच्या तोंडावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात. त्या वर्षी तिथे गुरं सोडू नका. आणि जळालेल्या झाडाचे बुंधे सरपणासाठी मुळासकट उपटू नका. मेलेलं मूळही काही काळ माती धरतं. ते कुजलं की पकड सुटते, म्हणून दरडीचा धोका पुढची काही वर्षं राहतो. काळा डोंगर हिरवा झाला म्हणजे संकट टळलं, असं मानू नका.

ही सगळी कामं वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीने करायची. ग्रामपंचायत, वनरक्षक आणि वाडीतली माणसं एका दिवशी एकत्र चालली, तर पाहणी एका सकाळी होते. आणि धो धो पाऊस पडत असताना जळक्या उताराखालच्या रस्त्यावरून कुणी जाऊ नये. ओहोळाचं पाणी अचानक काळं, घट्ट झालं किंवा वरून धोंडे गडगडल्याचा आवाज आला, तर लगेच घळीपासून दूर, उंच जागी जा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. दोन पत्र्याच्या तबकड्या घ्या. एकीत गवतासकट मातीची ढेप ठेवा, दुसरीत नुसती माती आणि वर राख. दोन्ही सारख्या तिरक्या ठेवून झारीने सारखंच पाणी घाला. खाली दोन पेले धरा. कुठल्या पेल्यात पाणी आधी आलं आणि कुठल्यात गढूळ आलं, ते मुलांनाच सांगू द्या. मग त्यांना रस्त्यावर न्या आणि मोऱ्या मोजायला सांगा. ज्या मुलाने मोरी स्वतः मोजली आहे, तो ती तुंबलेली पाहून गप्प बसणार नाही.

त्या वाडीचं पुढे काय झालं, ते सांगतो आणि थांबतो. पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस भगदाडाला हात लावला तो शेवटी. आधी मोरी मोकळी केली, तिच्या खाली पन्हळ काढली, वर दगडांचे तीन बांध घातले. म्हातारे गृहस्थ काठी टेकून जागा दाखवत होते आणि एम. ए. झालेला मी पाटी वाहत होतो. त्या पावसाळ्यात मोरी एकदा तुंबली. पाणी रस्त्यावर चढलं, पन्हळीतून पलीकडे उतरलं आणि आपल्या वाटेने गेलं. दुसऱ्या दिवशी जीप वाडीवर पोचली.

आपल्या वरचा डोंगर यंदा जळला असेल, तर या रविवारी रस्ता चालून पाहा. पावसाला अजून अवकाश आहे.