बँकेचा नफा कोणत्या मापाने मोजावा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भारतीय स्टेट बँकेच्या नफातोट्याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर होतात आणि शेअर बाजारात त्यांवर लगेच सौदे होतात. सेनगाव वा कळमनुरीच्या कार्यकर्त्याला हा विषय दूरचा वाटतो. तो दूरचा नाही. निजामी राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली आणि १९५९च्या कायद्याने स्टेट बँकेच्या परिवारात आलेली हैदराबादची बँक ही मराठवाड्याची जुनी, ओळखीची बँक. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हापासून येथील ठेवीदाराचा पैसाही त्या तिमाही हिशेबात मोजला जातो.

विलीनीकरणाच्या त्याच दिवसापासून बचत खात्यात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून दंड घेणे बँकेने पुन्हा सुरू केले. ग्रामीण शाखेसाठी ही मर्यादा १,००० रुपये होती. जनधन खाती वगळलेली होती, हे नमूद केले पाहिजे. तरीही एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये गोळा झाले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा बँकेचा निव्वळ नफा सुमारे १,५८२ कोटी होता. एक आकडा आठ महिन्यांचा आणि दुसरा तीन महिन्यांचा, म्हणून तुलना काटेकोर नव्हे. पण तिचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यांच्या खात्यात हजार रुपयेही टिकत नाहीत, त्यांचा दंड बँकेच्या ताळेबंदाला टेकू देत होता.

मग ताळेबंद खचला कशाने? ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७ या तिमाहीत बँकेला २,४१६ कोटींचा तोटा झाला आणि संपूर्ण २०१७-१८ या वर्षाचा तोटा ६,५४७ कोटींवर गेला. मार्च २०१८ अखेर एकूण कर्जापैकी १०.९१ टक्के कर्ज थकीत होते. पोलाद, वीज यांसारख्या उद्योगांना दिलेल्या प्रचंड कर्जांचा त्यात मोठा वाटा होता. देशभर टीकेचा गदारोळ उठल्यावर एप्रिल २०१८ पासून दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये किमान शिल्लकेची अटच रद्द करण्यात आली. लोकमताच्या दबावापुढे बँकेला नियम बदलावा लागतो, हा त्यातला धडा होय.

आज चित्र पालटले आहे. २०२४-२५ या वर्षी निव्वळ नफा ७०,९०१ कोटी झाला आणि मार्च २०२५ अखेर थकीत कर्जाचे प्रमाण १.८२ टक्क्यांवर उतरले. या घसरणीत वसुलीचा वाटा आहे, तसा हिशेबातून काढून टाकलेल्या कर्जांचाही आहे. समाजवाद्याने या नफ्याकडे तुच्छतेने पाहू नये. बँकेत निम्म्याहून अधिक मालकी सरकारची, म्हणजे जनतेची आहे. त्या वर्षाच्या लाभांशापोटी ८,००० कोटींहून अधिक रक्कम सरकारी तिजोरीत जमा झाली. सार्वजनिक बँक तोट्यात गेली की तिला भांडवल पुरविण्याचा भारही जनतेवरच पडतो.

प्रश्न नफ्याच्या मापाचा आहे. बाजार पाहतो तो व्याजाचा फरक, थकबाकीसाठीची तरतूद आणि पुढच्या तिमाहीची आशा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने उतरविला, तेव्हा कर्जावरील व्याज घटून हा फरक आक्रसेल, ही शेअरधारकाची चिंता होती. हिंगोलीच्या शेतीचे वेळापत्रक मात्र वेगळे. सोयाबीनला पैसा जूनमध्ये लागतो. वसमतच्या हळदीचे पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. इतर कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की ते अनुत्पादक ठरते. पीककर्जाची थकबाकी मात्र पिकाच्या हंगामावर मोजली जाते. शेती तिमाहीने चालत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमालाही मान्य आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये याच सेनगाव तालुक्यातील काही शेतकऱ्यांनी, कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असे मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. शेअरच्या भावात ही नोंद कोठेच उमटत नाही.

ती नोंद उमटविण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते शेतकरी, कारागीर आणि लहान धंदेवाल्यापर्यंत पतपुरवठा पोचावा म्हणून. त्या कसोटीवर जिल्ह्यातील प्रत्येक शाखेला तीन प्रश्न विचारावेत. येथून गोळा झालेल्या ठेवींपैकी किती रक्कम येथेच कर्जरूपाने दिली? पीककर्जाचे उद्दिष्ट पेरणीपूर्वी किती पूर्ण झाले? खातेदारांच्या मानाने शाखेत कर्मचारी पुरेसे आहेत काय? अग्रणी बँकेच्या जिल्हा आराखड्यात पतपुरवठ्याचे आकडे असतात. ते मागवावेत, गावसभेत वाचून दाखवावेत आणि पुढचा तिमाही निकाल लागेल त्या दिवशी बँकेच्या नफ्याशेजारी मांडावेत.