डोळ्याला मुदतवाढ नसते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल प्रथम सर्वांचे अभिनंदन. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्याच आगेमागे आपण इथे प्लॉट पाडले, बोअर घेतले, रस्त्यासाठी नगरपालिकेत खेटे घातले. तेव्हा आपण पंचेचाळीस-पन्नाशीचे होतो. आता संध्याकाळी बाकड्यावर बसलो की गोष्टी निघतात त्या शुगरच्या, गुडघ्याच्या आणि मोतीबिंदूच्या. म्हणून "ज्येष्ठांच्या आरोग्यावर बोला" असे संचालक मंडळाने सुचवले, तेव्हा मी डोळ्याचा विषय घेतला. मी काही डॉक्टर नाही, सगळी नोकरी बँकेत गेली. जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरात पाहून सांगणार आहे.

म्हातारपणी दिसेनासे झाले की आपण म्हणतो, मोतीबिंदू. बहुतेक वेळा ते खरेही असते. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, गावोगाव शिबिरे होतात. आपल्या मराठवाड्याचेच डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे मोतीबिंदूचे ऑपरेशन घरोघरी माहीत झाले. पण मोतीबिंदू सावकाश वाढतो, आणि त्यामुळे आपल्याला एक सवय लागली आहे. सुगी होऊ द्या मग बघू, दिवाळी होऊ द्या मग बघू. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे तो सुगीही बघत नाही आणि दिवाळीही बघत नाही.

त्याचे नाव जायंट सेल आर्टेरायटिस. जुने नाव टेम्पोरल आर्टेरायटिस. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. कानशिलावर बोट ठेवा, एक नाडी उडताना लागेल. ती रक्तवाहिनी, आणि डोक्याच्या, डोळ्याच्या तशाच काही रक्तवाहिन्या आतून सुजतात. भिंत जाड झाली की आतली वाट अरुंद होते. घरच्या नळाच्या पाइपात क्षार साचला की पाणी कसे थेंब-थेंब येते, तसे. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला रक्त मिळाले नाही की ती नस मरते आणि तो डोळा कायमचा जातो. डोळा दुखतही नाही, लालही होत नाही.

हा आजार पन्नाशीच्या आत जवळपास होतच नाही. सत्तरीनंतर जास्त होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. उत्तर युरोपातल्या लोकांत तो पुष्कळ दिसतो, आपल्याकडे त्या मानाने कमी. पण कमी असल्यामुळेच तो चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही, हीच खरी अडचण आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे सांगतो. आक्काचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. कळमनुरी तालुक्यात शेतावर राहायची. महिनाभर तिचे उजवे कानशील दुखत होते. सगळे म्हणाले, अर्धशिशी असेल. सुंठ उगाळून लेप लावला. केस विंचरताना डोक्याला फणी लावू देत नव्हती. भाकर खाताना चार घास झाले की जबडा भरून यायचा, थांबली की बरे वाटायचे, पुन्हा खायला लागली की पुन्हा दुखायचे. दाताचे म्हणून एक दाढ काढून झाली. अंगात कणकण राहायची, वजन उतरले. सकाळी उठताना खांदे धरलेले असायचे. दोनदा उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा झाला आणि पाच-दहा मिनिटांत गेला. त्यानंतर एका सकाळी तो पडदा आला तो गेलाच नाही.

घरात चर्चा सुरू झाली की मोतीबिंदू पिकला असेल, पुढच्या शिबिराला नेऊ. भाच्याने ऐकले नाही. त्याने त्याच दिवशी गाडी केली आणि नांदेड गाठले. तिथल्या डॉक्टरांनी डोळा तपासायच्या आधी विचारले, "आजी, जेवताना जबडा दुखतो का?" आक्का म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?" ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या, दोन्ही खूप वाढलेल्या. त्याच रात्री शिरेतून स्टेरॉईड चालू केले. उजवा डोळा परत आला नाही. डावा वाचला. आज ती डाव्या डोळ्याने ज्वारी निवडते, नातवाला ओळखते. डॉक्टर म्हणाले होते, उपचार नसता तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, दुसराही जाण्याचा धोका मोठा होता.

आता या ईएसआरबद्दल. उभ्या नळीत रक्त ठेवतात आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. साधी, स्वस्त तपासणी आहे, आपल्या हिंगोलीतही होते. क्वचित ती नॉर्मल येते, म्हणून सोबत सीआरपी करतात. खात्रीसाठी कानशिलाच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी करतात, किंवा जागा बधिर करून तिचा लहानसा तुकडा तपासायला घेतात. पण लक्षात ठेवा, दाट संशय असेल तर डॉक्टर तुकड्याच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. औषध आधी, कागद नंतर. आमच्या बँकेत उलटे असते, कागद पूर्ण झाल्याशिवाय पैसा हलत नाही.

या आजाराचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८९० साली लंडनचे डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्याचे वर्णन लिहून ठेवले. कानशिलावरच्या शिरा इतक्या दुखायच्या की त्याला डोक्यावर हॅट घालवेना. आपल्याकडे असता तर त्याला फेटा बांधवला नसता. १९३२ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. हॉर्टन यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. पण हातात औषध नव्हते. त्याच मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली सांधेदुखीच्या रोग्याला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले गेले, १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि हेच औषध या आजारावरही लागू पडले. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या काळात ज्याला इलाज नव्हता, त्याला आज आहे. फक्त वेळेत पोचले पाहिजे.

स्टेरॉईड म्हटले की आपण घाबरतो. भीती अगदीच खोटी नाही. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, पोटाला त्रास होतो. आक्कालाही शुगरची गोळी सुरू करावी लागली, कॅल्शियम चालू आहे. डोस हळूहळू उतरवत वर्ष-दोन वर्षे औषध चालते. बरे वाटले म्हणून मनाने एकदम बंद करायचे नाही, ते जिवावर बेतू शकते. आणि उलट, डोके दुखले म्हणून शेजाऱ्याची गोळी मनाने घ्यायचीही नाही.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे हा आजार नव्हे, उगीच घाबरू नका. पण अर्धशिशी सहसा तरुणपणी सुरू होते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी लागली, कानशील किंवा डोक्याची कातडी हात लावू देईना, चावताना जबडा भरून येऊ लागला, किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "साहेब, ईएसआर, सीआरपी करायचे का?" विचारण्यात कमीपणा नाही. आणि डोळ्यापुढे अचानक अंधारी आली, क्षणभर आली तरी, त्याच दिवशी जा. अचानक नजर जाण्याची दुसरीही कारणे आहेत. पडदा सरकतो, काचबिंदूचा झटका येतो, डोळ्याची रक्तवाहिनी बंद पडते. त्यांतले एकही थांबण्यासारखे नाही.

संचालक मंडळाला दोन विनंत्या आहेत. आपल्याकडे अनेक घरांत दोघेच म्हातारे राहतात, मुले पुण्याला किंवा परदेशात. रात्री-बेरात्री नांदेडला नेणाऱ्या दोन-तीन गाडीवाल्यांचे नंबर ऑफिसच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावेत. आणि नोव्हेंबरात आपण सगळे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातोच, त्याच महिन्यात सोसायटीत डोळे तपासणी ठेवावी.

बँकेत कर्जाचा हप्ता थकला तर खाते बुडीत धरायला आम्ही नव्वद दिवस थांबायचो. डोळा नव्वद तासही थांबेल याची हमी नाही. म्हणून शेजारच्या काकू "दिसत नाही हो" म्हणाल्या, तर "मोतीबिंदू असेल" असे उत्तर देऊ नका. "कधीपासून?" असे विचारा. "आज सकाळपासून" म्हणाल्या तर गाडी काढा.