सल्ल्याला उत्तर हवे



 या परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या साऱ्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण कोकणच्या किनाऱ्यावर तो फार वर्षे लोंबकळत पडला आहे. सागरी अभयारण्याच्या कारभारात किनाऱ्यावरच्या माणसाचा सल्ला घ्यावा, असे आता सगळेच म्हणतात. शासन म्हणते, संशोधक म्हणतात, निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था तर तशी अटच घालतात. मला वाटते, सल्ला मागणे ही या कामातली सोपी बाजू आहे. मागितलेल्या सल्ल्याला उत्तर देण्याचे बंधन जोवर शासनावर नाही, तोवर सल्लागार समिती म्हणजे चहापाणी आणि हजेरीपट. हे बंधन शासनाने पत्करले तर समुद्राचे रक्षण सैल होईल अशी भीती अनेकांना वाटते. ते अधिक घट्ट होते, हे मला आज पुराव्यानिशी मांडायचे आहे.

मालवणपासून सुरुवात करतो. १९८७ च्या एप्रिलमध्ये सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचे सुमारे २९ चौरस किलोमीटर पाणी व किनारा मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभाक्षेत्र ठरला. निवड चुकीची नव्हती. इथल्या खडपांवर प्रवाळ आहे, समुद्री शेवाळांची समृद्ध वाढ आहे आणि खडपांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. पण याच पाण्यावर गाबीत समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि याच किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून जाळे अर्धगोलात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि वाडीने मिळून ते ओढायचे. दोराला हात लावणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. जाळे कोणी, कुठे, कधी टाकायचे याचे संकेत असतात, तंटा झाला तर तो मिटवण्याची रीतही असते. याचा अर्थ, अभयारण्य येण्याच्या कितीतरी आधीपासून या पाण्याचा कारभार चालवणारी एक व्यवस्था तिथे उभी होती. घोषणेने तिची दखल घेतली नाही. मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. आजही तिथे अभयारण्य हा शब्द उच्चारला की माणसे सावध होतात.

यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही, कारण दोष कायद्याच्या घडणीत आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा रान डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. अभयारण्य जाहीर करायचे तर जिल्हाधिकाऱ्याने हद्दीतल्या जमिनीवरचे हक्क तपासावेत, दावे ऐकावेत, भरपाई ठरवावी, असा त्याचा क्रम आहे. समुद्राला सातबारा नसतो. ज्याच्या आजोबाने आणि पणजोबाने त्याच पाण्यात जाळे टाकले, त्याच्याकडे दाखवायला कागद कुठला? सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, ही तरतूद कायद्यात आली ती १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमण्याचे कलम ३३ ब तर २००२ च्या दुरुस्तीने आले. मालवणच्या घोषणेला तोवर पंधरा वर्षे होऊन गेली होती. आधी रेषा, मग हिताची भाषा आणि शेवटी सल्ला, असा हा उलटा प्रवास आहे.

कलम ३३ ब आपण सर्वांनी एकदा शांतपणे वाचावे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचे प्रतिनिधी समितीचे प्रमुख. त्या मतदारसंघाचे आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यक खात्यांचा एकेक प्रतिनिधी, असल्यास मानद वन्यजीव रक्षक, आणि अभयारण्याचे अधिकारी सदस्य सचिव. पशुवैद्यक खाते का, हे उघड आहे. अभयारण्याजवळच्या गुरांना लस टोचण्याचे कलम १९९१ च्या दुरुस्तीनेच आले होते आणि जंगलाच्या काठावर त्याचे मोल मोठे आहे. पण हीच यादी मालवणच्या जेटीवर उभे राहून वाचा. मत्स्यव्यवसाय खाते तिच्यात नाही. होड्यांचे परवाने पाहणारे सागरी मंडळ नाही, पर्यटन खाते नाही. आणि मच्छीमार हा शब्दच त्या कलमात नाही. रापणकराला समितीत यायचे असेल तर त्याने ग्रामपंचायतीतून किंवा एखाद्या संस्थेच्या नावाने यावे लागेल, स्वतःच्या धंद्याच्या अधिकाराने नव्हे. टोपलीभर बांगडा घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला तर तेवढीही वाट नाही. समितीचे काम कलमात नीट सांगितले आहे. अभयारण्याचे संवर्धन व व्यवस्थापन सुधारण्यासाठी सल्ला देणे, आत आणि भोवती राहणाऱ्या लोकांच्या सहभागासह. त्या सल्ल्याचे पुढे काय करायचे, याविषयी मात्र एक अक्षर नाही.

सल्ल्याला वजन असले की काय घडते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे आहे. फ्लोरिडा कीज या बेटमालिकेभोवती १९९० मध्ये खास कायद्याने राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाले आणि त्याच कायद्याने सल्लागार परिषदही आली. तरीही पहिली वर्षे कडवट गेली. १९९६ मध्ये स्थानिक मतदारांनी, बंधनकारक नसलेल्या का होईना, मतदानात अभयारण्याविरुद्ध कौल दिला. पश्चिमेच्या टॉर्टुगास भागात मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा पट्टा शासनाने आखला होता, तो विरोधामुळे मागे घ्यावा लागला. मग १९९८ मध्ये परिषदेच्या छत्राखाली पंचवीस जणांचा गट बसला. त्यात व्यावसायिक मच्छीमार होते, हौशी गळवाले, पाणबुडे, संवर्धनवादी, शास्त्रज्ञ आणि निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी होते. त्यांच्यासमोर आधी आखलेली रेषा ठेवली गेली नाही. नकाशा, माशांची माहिती आणि मच्छीमारांचे स्वतःचे ज्ञान समोर ठेवून, कुठे बंदी असावी हे त्यांनीच ठरवायचे होते. १९९९ मध्ये गटाचे एकमत झाले आणि २००१ च्या जुलैपासून १५१ चौरस सागरी मैलांचे संरक्षित क्षेत्र लागू झाले. रायलीज हंप हा पाण्याखालचा उंचवटा आधी अभयारण्याच्या हद्दीबाहेर होता. मटन स्नॅपर हा मासा अंडी घालायला तिथे गोळा होतो, म्हणून हद्द वाढवून तो उंचवटा आत घेतला गेला. लोकांना विचारले तर ते क्षेत्र लहान करून मागतील, असे आपल्याकडे गृहीत धरतात. इथे विचारल्यानंतर हद्द वाढली.

एकमत नेहमी होते असे मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांभोवती राखीव क्षेत्रे ठरवायला १९९९ मध्ये असाच गट बसला होता. दोन वर्षे चर्चा होऊनही नकाशावर एकमत झाले नाही. शेवटी शासनाने निर्णय घेतला आणि २००३ मध्ये ती क्षेत्रे अस्तित्वात आली. सल्लागार समिती म्हणजे प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार, हा समज या अनुभवाने खोटा ठरवला आहे. निर्णय शासनाचाच असतो. मात्र कोणाचे म्हणणे काय होते, कोणत्या मुद्द्यावर तडजोड तुटली आणि शासनाने कोणती बाजू का घेतली, हे कागदावर आले, तर हरलेल्या बाजूलाही आपल्याला डावलले असे वाटण्याचे कारण उरत नाही.

फिलिपीन्सचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तिथला मच्छीमार आपल्यासारखाच छोट्या होडीचा आहे. सुमिलोन बेटावर सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने १९७४ मध्ये राखीव पाणी ठरले. स्थानिक राजकारण पालटताच १९८४ मध्ये संरक्षण कोलमडले, आणि दोन वर्षांच्या आत बेटाभोवतीची पकड निम्म्याच्या आसपास आली. राखीव पाण्यातून बाहेर येणाऱ्या माशांवर बाहेरच्या जाळ्याची भिस्त होती, हे त्यातून सिद्ध झाले. आपो बेटावर १९८२ पासून बेटवासीयांनीच प्रवाळाचा एक तुकडा राखला आणि त्याची कीर्ती जगभर झाली. पुढे १९९४ मध्ये राष्ट्रीय कायद्याखाली ते संरक्षित क्षेत्र झाले, कारभार मंडळाकडे गेला, आणि बेटवासीयांचा निर्णयातला वाटा आक्रसला असे नंतरच्या अभ्यासकांनी नोंदवले. ही दोन बेटे शेजारी ठेवून पाहावीत. कायद्याचा भक्कम आधार नसलेले संरक्षण निवडणुकीबरोबर वाहून जाते, आणि कायदा सगळे आपल्या हाती घेतो तेव्हा ज्यांनी प्रवाळ राखला तेच परके होतात. म्हणून मी कायद्याला विरोध करत नाही. कायद्याने लोकांना उत्तर द्यावे, एवढे मागतो.

आता जो आक्षेप सर्वांत जोराने येतो त्याकडे वळतो. मासा मच्छीमारच संपवत आहेत, मग त्यांनाच समितीत बसवणे म्हणजे कुंपणाच्या हाती शेत देणे नव्हे काय? हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. पर्ससीन या मोठ्या घेरजाळ्यांचे मालकही स्थानिक आहेत, प्रखर दिव्यांवर मासे खेचणाऱ्या बोटीही कुणाच्या तरी गावच्याच. पण महाराष्ट्रात पर्ससीनला आवर घाला ही मागणी कोणी लावून धरली? रापणकरांनी आणि छोट्या जाळ्यांच्या पारंपरिक मच्छीमारांनी. त्यांच्या रेट्यामुळे शासनाने डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, त्यामागेही देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा आवाज होता. मच्छीमार हा एक माणूस नाही. त्याच्यात रापण आहे, छोटी जाळी आहे, ट्रॉलर आहे, पर्ससीन आहे, आणि त्यांची हिते एकमेकांना छेदतात. समितीत ही सगळी हिते आपापल्या नावाने बसली, तर कोणाचा सल्ला कोणाच्या फायद्याचा हे सर्वांना दिसते. एकच पंचायत सदस्य सगळ्यांच्या वतीने बोलतो तेव्हा ते झाकले जाते. पर्यटनाचेही तसेच. स्नॉर्केलिंगच्या होड्यांचे नांगर आणि हौशी पर्यटकांचे पाय प्रवाळावर पडतात. तो धंदा आज अनेक मच्छीमार कुटुंबांचाच आहे. त्याला समितीबाहेर ठेवून प्रवाळ वाचवण्याचा मार्ग मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. समुद्र झपाट्याने बिघडतो आहे, सल्लामसलतीत वर्षे घालवायची का? घाईचा हिशेब मांडून पाहू. २००१ च्या जुलैमध्ये केंद्राने मुशी आणि पाकट यांच्या यच्चयावत जाती एका फटक्यात संरक्षित यादीत टाकल्या. रोजच्या बाजारातली मासळी रातोरात गुन्हा ठरली. देशभर विरोध झाला आणि त्याच डिसेंबरात यादी कापून मोजक्या जातींवर आणावी लागली. पाच महिन्यांत धोरण फिरले, आणि मच्छीमारांच्या मनात जी शंका बसली ती मात्र राहिली. याच्या शेजारी महाराष्ट्राची २०१८ च्या डिसेंबरातली योजना ठेवा. कासव, देवमुशी किंवा डॉल्फिनसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला, तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडावे आणि शासनाने जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. वन आणि मत्स्यव्यवसाय ही दोन्ही खाती त्यासाठी एकत्र आली. मच्छीमाराच्या नुकसानीची किंमत मान्य केल्याबरोबर तोच संवर्धनाचा हात झाला. मालवणच्या अभयारण्याला चार दशके होत आली. १९८७ मध्ये दोन वर्षे बोलण्यात गेली असती, तर आज आपण कुठे असतो याचा विचार ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांनी करावा.

राहिला कायद्यातल्या अडचणीचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत लहान वाटतो. समितीत कोण असावे याची यादी कलमाने दिली आहे, पण तिच्यापलीकडे कोणाला बोलावू नये असे कुठेही म्हटलेले नाही. शिवाय त्याच कलमाचे तिसरे पोटकलम समितीला आपली कार्यपद्धती आणि गणसंख्या स्वतः ठरवण्याचा अधिकार देते. म्हणून कायदा बदलण्याची वाट न पाहताही रापण संघ, छोट्या जाळ्यांचे मच्छीमार, मासे विकणाऱ्या महिला, होडीवाले आणि मत्स्यव्यवसाय खाते यांना कायम निमंत्रित करता येईल. त्यांच्याविना भरलेली बैठक गणसंख्येअभावी तहकूब होईल, असा नियम करता येईल. इतिवृत्त मराठीत लिहून जेटीवर आणि मासळी बाजारात लावता येईल. आणि समितीच्या प्रत्येक शिफारशीला नव्वद दिवसांत लेखी उत्तर येईल, स्वीकारली तर कधीपासून आणि नाकारली तर कोणत्या कारणाने, असे वनखात्याला मान्य करता येईल. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधीच समितीचा प्रमुख असल्याने हा निर्णय त्यांच्या हातात आहे.

या आशयाचा ठराव उद्या दुपारच्या सत्रात आपल्यापुढे येईल. तो आपण शब्दशः स्वीकारावा असा माझा आग्रह नाही. त्याला दुरुस्त्या सुचवा, नव्वद दिवसांचे साठ करा, आणखी कोणाला समितीत जागा हवी ते सांगा. फक्त लेखी उत्तराची अट त्यातून काढू नका, आणि मुंबईला पाठवण्याआधी ठराव मालवणच्या रापण संघांना वाचून दाखवा. त्यांनी काही बदल सुचवले, तर त्या प्रत्येकाला या परिषदेने लेखी उत्तर द्यावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.