डिझेलाचा हिशेब आणि पोटाचा



मोटारयॉट पहिल्या लांब सफरीस निघायची झाली की मालक आधी डिझेल मोजतो. एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास, उरलेले राखीव. हिशेब शहाणपणाचा आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच विचारतो, की पाण्याला, पिठाला, औषधपेटीला हाच हिशेब का नको? वादळामुळे दोन दिवस आडबंदरात अडकल्यास इंजिन स्वस्थ बसेल. खलाशाचे पोट बसेल काय?

२००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशाला जहाजावर मोफत अन्नाचा हक्क दिला. धंद्याच्या यॉटी त्यात येतात; हौसेच्या खासगी यॉटी येत नाहीत. म्हणून तेथे नांगर उचलण्यापूर्वीच शिधा कागदावर लिहून घ्यावा. मर्जीचा घास समुद्रात पुरत नाही.