बाळाला दूध हवे, तशीच ऊबही हवी
(उटनूर येथील माता-पालक मेळाव्यात एका प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे. पत्रके लिहिणे, सभा भरविणे आणि शासनाच्या योजना लोकांना समजावून सांगणे हे माझे काम. तेव्हा बालसंगोपनावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपण विचाराल. तो मला माझ्याच एका चुकीने दिला आहे. ती आधी सांगतो.

चौदा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, माझी मुलगी आमच्या गावी घरीच जन्मली. दिवस पुरे भरले नव्हते. वजन अवघे १,८०० ग्रॅम. आईचा पहिला चीक बाळाला अवश्य पाजावा, असे वाक्य मी त्याच महिन्यात एका पत्रकात लिहिले होते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी ‘हे दूध बाळाला जड जाते’ म्हणून चीक पिळून टाकावयास सांगितले, तेव्हा मी गप्प बसलो. बाळाला न्हाऊ घालून पाळण्यात वेगळे निजविले, तेव्हाही गप्पच बसलो. दुसऱ्या रात्री तिचे पाय गार पडले, रडणे क्षीण झाले, दूध ओढण्याचे बळ उरले नाही. शेजारच्या परिचारिकाबाई धावून आल्या. त्यांनी बाळाचे कपडे काढून तिला आईच्या उघड्या छातीशी धरले, वरून घोंगडी पांघरली आणि गाडी बोलावली. वाटेत आई थकली तेव्हा बाळ माझ्या छातीशी होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाय कोमट झाले होते. मुलगी वाचली. आज ती नववीत आहे.

बंधुभगिनींनो, त्या बाईंनी केले तो जादूटोणा नव्हता. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या त्वचेशी त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच असा स्पर्श मिळालेल्या अतिशय कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्यास आरंभ केला. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे आणि त्याला उबदार ठेवणे शिकविले. तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले. २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हा अनुभव आहे. म्हणून त्या दारी आल्या की त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका.

आता चिकाविषयी. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून आवडीने खातो. वासरालाही चीक पिऊ देतो. मग आपल्याच लेकराचा चीक मातीत का टाकावा? त्यात रोगांपासून रक्षण करणारे घटक असतात. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, पाणी, गुटी काही देऊ नये. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, ज्वारीची पेज सुरू करावी आणि अंगावरचे दूधही चालू ठेवावे. लसी वेळच्या वेळी द्याव्यात. बाळ पिईनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, झटके आले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा श्वास मिनिटाला ६० वा अधिक झाला, तर उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

शरीराबरोबर मनही वाढते. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. रडणाऱ्या बाळाला उचलून घेतले तर ते लाडावते, ही समजूत चुकीची आहे. रडणे हीच त्याची भाषा. हाक मारली की कोणी येते, हा विश्वास ज्याला पहिल्या वर्षात मिळाला, ते मूल पुढे निर्भयपणे रांगते, चालते, शाळेत बसते. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या मायेपासून तुटलेल्या मुलांचे हाल मांडले, तेव्हापासून तज्ज्ञांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. आपल्या आजीला मात्र ते पूर्वीपासून ठाऊक होते. आजीचे सारेच चूक नसते. चीक टाकणे सोडावे, अंगाई सोडू नये.

याच भागात मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि मुलांना त्यांच्या गोंडी भाषेत शिकविण्याचा प्रयत्न झाला. मूल आपल्या बोलीत उमलते, हा त्यातला धडा आहे. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू, जी घरची बोली असेल तीत बाळाशी बोला. त्याला कळत नाही असे समजू नका.

शेवटी माझ्यासारख्या पुरुषांना दोन शब्द. बाळंतीण दमलेली असते. पाणी भरणे, सरपण आणणे हे आपण करू शकतो, आणि बाळाला छातीशीही धरू शकतो. वडीलधाऱ्यांपुढे आदराने पण स्पष्ट बोलणे हेही बापाचे कर्तव्य आहे. मी त्या दिवशी बोललो नाही. आपण बोलावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.