अंगठ्याची किंमत आणि हक्काची भाषा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात इंदूरच्या गिरणी-कामगारांची मुले मोठ्या संख्येने होती. तेव्हा साहित्याच्या प्राध्यापकाने आज कायद्याच्या प्रांतात पाऊल टाकले, तर ते अस्थानी ठरू नये. शिवाय माझी मुख्य तक्रार भाषेविषयीचीच आहे. यंत्रात हात गेलेल्या माणसाविषयी आपण 'दैवाने ओढवले' असे म्हणतो आणि मालकाने दिलेल्या पाच-दहा हजारांना 'मदत' म्हणतो. कायद्याला हे दोन्ही शब्द ठाऊक नाहीत. तेथील शब्द 'भरपाई' हा आहे, आणि ती हक्काची आहे.

ही कल्पना आपल्या मातीतही फार पूर्वी बोलली गेली होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या त्या अर्जात साप्ताहिक सुटीबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झालेल्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. रविवार १८९० साली पदरात पडला आणि आपल्या स्मरणातही राहिला. भरपाईचा कायदा व्हावयास मात्र १९२३ साल उजाडले.

त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. गाभा तोच राहिला. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेला असावा, एवढे दाखवावे लागते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते, याचे मला नवल वाटते. कामगाराची साधी बेसावधीही आड येत नाही. मद्यपान, सुरक्षेचा नियम हेतुतः मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक साधन मुद्दाम काढणे हे अपवाद आहेत. परंतु मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर तेही मालकाच्या कामी येत नाहीत. घर ते कामाचे ठिकाण या वाटेवरील अपघातही, नोकरीशी संबंध दिसत असल्यास, संहितेने आता आत घेतला आहे.

रकमेचा हिशेब रुक्ष आहे, पण ऐकावा. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली, असे परिशिष्ट सांगते. पस्तीस वर्षांच्या, महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्याच्या पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला वयाचा गुणक १९७.०६ लावला की १४,१८,८३२ रुपये होतात. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे सव्वाचार लाख. मघाचे पाच-दहा हजार याच्याशेजारी ठेवून पाहा.

आणि परिशिष्ट हा शेवटचा शब्द नव्हे. ओरिसातील एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम करताना एक सुतार पडला; त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे हानी १०० टक्के होत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका हाताने सुतारकाम होत नाही, हे साधे सत्य मान्य करून ती १०० टक्के धरली. शरीराचे माप आणि धंद्याचे माप यांतील हा भेद मला कोणत्याही टीकाग्रंथाइतका सूक्ष्म वाटतो.

मुदत दोन वर्षांची आहे. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि कारणाविना विलंब झाल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. 'माझी काही मागणी नाही' अशा कागदावर घेतलेला अंगठा कायद्याने निरर्थक आहे. मृताच्या घरी परस्पर पोचवलेली रक्कम, थोडी आगाऊ सोडता, भरपाईत जमा धरत नाहीत. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच भरावी लागते. ठेकेदाराच्या माणसाला मूळ मालकाकडेही मागता येते. कर्मचारी राज्य विम्यात नाव असेल, तर मात्र दावा त्या दाराने जातो.

सरकारी सेवकांसाठी २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही वा खाली उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते.

अपघात घडताच मालकाला लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच घ्यावी. दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडला' असे लिहिले जात असेल, तर तेथेच हरकत घ्यावी. पगाराची पावती, हजेरीपत्रक, पाहणाऱ्या सोबत्यांची नावे त्याच आठवड्यात जमवावीत. पुढे सोबती पांगतात आणि हजेरीपत्रक सापडत नाही. अर्ज लिहून देण्याचे काम या शाळेतील दहावीचा विद्यार्थीही करू शकेल.